ड्रमाची जागा

मला पाण्याची भीती वाटते हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांना त्याची गंमत वाटते. नवरा मासे धरणारा, त्याची मोठी बहीण त्याच्याहून पट्टीची, आणि सून म्हणून आणली ती मी, जिला गुडघाभर पाण्यात उतरलं तरी धाप लागते. नणंदेने लग्नानंतर आठवडाभरातच माझं नाव भागूबाई ठेवलं. त्याआधीचं 'भित्री' तिने मोठ्या मनाने गाळलं.

पण मी विचारते, या पाण्याला भिणारा वेडा की न भिणारा? धरणाचं पाणी आहे हे. समोरचा काठ लख्ख उन्हातसुद्धा पुसट दिसतो. तळाशी अख्खी झाडं बुडालेली उभी आहेत, जाळी फाडायला टपलेली. एका टोकाला धरणाची भिंत आणि तिचे दरवाजे. दरवाजांच्या बऱ्याच अलीकडे, या काठापासून त्या काठापर्यंत, एक लोखंडी दोर ताणलेला आहे आणि तो तरंगता राहावा म्हणून त्याला नारिंगी ड्रम बांधलेत. त्या रांगेच्या पलीकडे होडी न्यायची नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. दरवाजे उघडले की तिथलं पाणी ओढ घेतं, आणि त्या ओढीला लहान-थोर कळत नाही.

नवरा पाण्यावर गेला की मी काठावर जाऊन बसायची. होडी लहान लहान होत दिसेनाशी व्हायची आणि तो परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. एकदा मी वैतागून म्हणाले, "अहो, निदान तुमचं जाळं कुठे आहे तेवढं तरी दिसू दे मला. जाळ्याला रिकाम्या बाटल्या बांधता, त्या इथून काय दिसणार, कपाळ?"

पुढच्याच आठवड्यात तो एक नारिंगी ड्रम घेऊन आला. "रांगेतून सुटून वाहत आला होता," म्हणाला. "जाळ्याला बांधतो. आता काठावर बसून बघ. ड्रम दिसला की समज, मी तिथेच आहे."

काठावरच्या सगळ्यांना आठवडाभर दुसरा विषय नव्हता. लोक बायकोला साडी आणतात, याने पिंप आणलं! मला मात्र खरंच रडू आलं होतं. माझ्या भीतीवर आजवर सगळे हसले होते, तिच्यावर उपाय कोणी शोधला नव्हता. होडीचा नवा दोरसुद्धा त्याने त्या ड्रमालाच लावला आणि होडीला जुनं, कुजकं दावं ठेवलं. मी म्हटलंही, पण ऐकतो कोण. तसा माणूस टापटिपीचा, कधीकधी डोकं फिरेल इतका. काहीही खोललं की त्याचा बोल्ट परत त्याच भोकात पिळून ठेवायचा, हरवायला नको म्हणून. पातेल्याचा कान तुटला तेव्हा कान टाकून दिला आणि स्क्रू मात्र पातेल्यालाच लावून ठेवला. आमच्याकडे बिनकानाचं आणि स्क्रूचं पातेलं आहे.

तर त्या दिवशी त्याला ताप होता. अंथरुणातून उठवेना. जाळं आदल्या दिवसापासून पाण्यात, आणि जाळ्यातला मासा कोणासाठी थांबत नाही, सडतो. ताईंनी, म्हणजे नणंदेने, पदर खोचला.

"चल भागूबाई, आपण दोघी जाऊ."

"मी?"

"मग काय शेजारीण? मी एकटीने जाळं ओढू की होडी सांभाळू?"

बाहेर धुकं होतं. साधं नाही, दारातून समोरचं घर दिसत नव्हतं. मी तसं म्हटलंही. नवरा पांघरुणातून म्हणाला, "ड्रम धरून जा. ड्रम दिसला की झालं, जाळं त्याच्याखालीच आहे."

मी होडीच्या मधोमध बसले, दोन्ही हातांनी फळी धरून. ताई वल्ही मारत होत्या आणि मला चिडवत होत्या. काठ दिसेनासा झाला. मग काठावरचे आवाजही बंद झाले. सगळीकडे एकच पांढरं, वरही आणि खालीही, आणि वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज. आपण पुढे जातोय की एका जागी आहोत तेसुद्धा मला कळेना. वेळ फार झाला असं वाटत होतं, पण भ्यालेल्या माणसाला तसं वाटतंच, म्हणून मी गप्प बसले.

आणि मग अगदी जवळ, वल्हं लागेल इतक्या अंतरावर, नारिंगी ड्रम दिसला. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. आमचा ड्रम, माझा ड्रम!

"बघ, आले की नाही बरोबर?" ताई म्हणाल्या. "डोळे बांधून आणलं असतं तरी आले असते."

त्यांनी आकडा टाकून खालचा दोर वर ओढला. दोर शेवाळाने बुळबुळीत झाला होता आणि हलता हलेना. "लागलंय काहीतरी भलं मोठं!" ताई खूश. मीही हात लावला. गार, जाड दोर. शेवाळ निसटलं आणि माझ्या बोटांना खाली लोखंड लागलं.

आमच्या जाळ्याला लोखंडी दोर नाही. मला हे कळलं, पण कळलेलं जिभेवर येईना. तेवढ्यात धुकं जरासं विरळ झालं आणि थोडं पुढे मला आणखी काहीतरी नारिंगी दिसलं.

"ताई, आपला ड्रम एकच आहे ना?"

"एकच की."

"मग तो दुसरा कोणाचा?"

ताईंनी मान वर केली. पाहिलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्या ड्रमापेक्षा त्यांचीच भीती वाटली. ही बाई कशाला घाबरते हे मी तोवर पाहिलं नव्हतं. "वल्ही," त्या हळूच म्हणाल्या. "वल्ही दे."

आणि भोंगा झाला. दरवाजे उघडण्याआधी धरणावर भोंगा वाजतो. आमच्या घरात तो दूरवर, कोणी गुरगुरल्यासारखा ऐकू येतो. इथे तो छातीत वाजला. पाठोपाठ धुक्याआडून घरघर सुरू झाली, आणि आतापर्यंत मुकाट असलेलं पाणी होडीच्या बाजूने सळसळत निघालं.

ताईंनी जीव खाऊन वल्ही मारली. होडी ड्रमापासून तसूभरही हटली नाही. उलट आडवी होऊन लोखंडी दोराला टेकली आणि पाणी येत होतं त्या बाजूची कड खाली जायला लागली. ताईंनी वल्ही टाकून दाव्याने होडी ड्रमाला बांधली. जुनं दावं, कुजकं. दोन हिसके बसले आणि तुटलं. मी फळी सोडून ड्रमालाच मिठी मारली. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. मी मोठमोठ्याने रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. घरी तापाने फणफणलेला नवरा होता आणि मला त्याच्याकडे परत जायचं होतं, एवढंच डोक्यात होतं.

"ऐक," ताई कानाशी ओरडल्या. "पाणी ओढतंय तिकडे भिंत आहे. म्हणजे आपला काठ डाव्या हाताला. दोर तिथवर जातो. हाताने धरून धरून जायचं. हात सोडायचा नाही."

तसंच निघालो. दोघी पोटावर पालथ्या, हात पाण्यात, दोराला धरून होडी इंचाइंचाने सरकवायची. दोराच्या तारा निघालेल्या, त्या तळहातात घुसत होत्या. ड्रम आला की त्याला वळसा घालायचा, पुन्हा दोर धरायचा. ताई मध्येच म्हणाल्या, "आला काठ, हा बघ आला," पण त्या खोटं बोलत होत्या, काही दिसत नव्हतं. तरी मी विश्वास ठेवला. ड्रमामागून ड्रम येत होता, दोर पाण्याच्या वरच होता, आणि हात सोडला नाही तर आपण जगू असं मला पहिल्यांदा वाटलं.

मग एका जागी ड्रम आलाच नाही.

दोर माझ्या हातात होता आणि तो खाली चालला होता. मनगट बुडालं, कोपर बुडालं. पुढे नुसतं पाणी, सळसळणारं. ड्रमाशिवाय दोर बुडतो, यात नवल नाही. पण बुडालेला दोर होडीला अडवत नाही. होडीचं मागचं टोक दोरावरून सरकून पलीकडे गेलं, भिंतीच्या बाजूला. आता आम्ही आणि ते दरवाजे यांच्यामध्ये काहीच नव्हतं. होडी माझ्या दोन हातांवर लटकली होती.

"सोडू नकोस! सोडू नकोस गं बाई!" ताई माझ्या पायांवर बसल्या. मी खांद्यापर्यंत पाण्यात, गाल पाण्याला लागलेला, तोंडात पाणी जातंय. ज्या पाण्याला मी जन्मभर भ्याले त्यातच तोंड घालून मी दोर चाचपत पुढे सरकत होते. हात खांद्यातून निघून येईल असं वाटत होतं.

मध्यावर माझ्या बोटांना दोरावरची कडी लागली. ड्रम अडकवायची कडी. ती तुटलेली नव्हती. धड, रिकामी होती. तिच्या भोकात बोल्ट होता आणि बोल्टवर चाकी होती, शेवटपर्यंत नीट पिळलेली.

सुटून वाहत गेलेला ड्रम आपला बोल्ट परत लावून जात नाही.

त्या पाण्यात, त्या ओढीत, मी ती कडी धरून एक क्षण तशीच राहिले. मला सगळं कळलं. राग यायलाही वेळ नव्हता. कडीला धरून मी पुढचा दोर गाठला, मग त्याच्या पुढचा. दोर वर यायला लागला. कोपर बाहेर आलं, मनगट बाहेर आलं, आणि कपाळ पुढच्या ड्रमावर आपटलं. ताईंनी मागचं टोक ओढून अलीकडे घेतलं. मग आणखी ड्रम, मग गवत, मग चिखल.

चिखलात आम्ही दोघी किती वेळ पडून होतो कोण जाणे. ताई माझे हात आपल्या पदरात धरून हुंदके देत होत्या. भोंगा ऐकून काठाने माणसं हाका मारत येत होती. सगळ्यांच्या पुढे माझा नवरा, अंगावर चादर, पाय अनवाणी, तापाने डोळे लाल. मला पाहून तो चिखलात गुडघ्यांवर बसला. तोंडातून निघालं ते हे:

"ड्रम... ड्रम नाही दिसला का तुला?"

"दिसला," मी म्हणाले. "त्याची जागाही दिसली. बोल्ट लावून ठेवलायत तुम्ही."

त्याने चादरीत तोंड घातलं. मी त्याला चार शब्द सुनावणार होते, भरपूर साठले होते. पण माझे हात रक्ताने भरले होते, आणि तो माणूस माझ्यासाठी चोरी करून बसला होता, माझ्या भीतीसाठी, आणि त्याच चोरीने मला मारायला नेलं होतं. इतकं सगळं एका शिवीत बसत नाही. मी नुसतं म्हणाले, "ताप उतरू द्या."

ताप उतरला. दरवाजे बंद झाले, ऊन पडलं, पाणी आरशासारखं झालं, तेव्हा आम्ही दोघे जाऊन जाळ्यावरचा ड्रम सोडवून आणला. मीही गेले, त्याचा सदरा मागून घट्ट धरून. रांगेत त्या जागी त्याने दोर वर ओढला, बोल्ट काढला, ड्रम अडकवला, बोल्ट परत लावला. चाकी एकदा त्याच्या हातून निसटून पाण्यातच पडली असती. मीच ती वरचेवर झेलली.

आता जाळ्याला पुन्हा बाटल्या बांधतो. तो पाण्यावर गेला की काठावरून मला काहीच दिसत नाही. भीती वाटते. वाटू दे.