चाळीस मीटरवरची टिकटिक

"चीन असो की रशिया, आधी चहा घ्या. पार थंड होऊन राह्यला," देवानंदची बायको ज्योत्स्ना म्हणाली.

त्यानं हेडफोन कानाशी घट्ट दाबला. टिक. टिक. टिक. या टिकटिकीच्या पलीकडे कुठंतरी तातेराव होते आणि त्यांचं एक अक्षर धड कळत नव्हतं.

देवानंद अंकुशनगरला साखर कारखान्यात वायरमन. हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेनं बिनतारी संदेश पाठवण्याचा, नाद त्याला तातेरावांनी लावला. मोर्सची टिंबं-रेघाही त्यांनीच शिकवल्या. ते पोलिसांच्या बिनतारी विभागातून निवृत्त होऊन किनवटला लेकीकडे राहत होते. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला, आणि मोबाइलवरची अक्षरं डोळ्यांना दिसेनाशी झाली. उरला उजवा हात. तो रोज सकाळी चाळीस मीटरच्या रेडिओ-पट्ट्यावर देवानंदला हाक मारायचा.

पोळ्यापासून ही टिकटिक सुरू झाली. पहाटे यायची, दुपारपर्यंत विरून जायची. हॅम मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले, रशियन पाणबुडी. दुसरे म्हणाले, चिनी रडार. देवानंदनं लांबलचक मजकूर लिहून रडारच्या बाजूनं कौल दिला: इतकी वेळ पाळणारं स्टेशन सरकारीच असणार. गावातही त्यानं हेच सांगितलं होतं.

आज तातेरावांच्या लेकीचा, रेणुकाचा फोन आला.

"काका, बाबा रुसले. खुणेनं म्हणतेत, देवा माझं ऐकतच न्हाई, मधीच बोलतो."

"अगं, डिस्टर्बन्स हाय. मी अंदाजानं उत्तर देऊन राह्यलो."

"ते मी सांगितलं. त्यांना पटत न्हाई. आमच्याकडं बिलकुल साफ ऐकू येतं ना. आता रेडिओ विकून टाक म्हणून खुणा करतेत. उद्या सकाळी दहाला माणूस येणार न्यायला."

देवानंदनं फोन ठेवला. ज्योत्स्ना दारातच उभी होती.

"किनवटला साफ, अन आपल्याकडंच टिकटिक? चीनला काय आपलंच घर सापडलं?"

"तुला न्हाई कळायचं. लहरी आभाळाला लागून उडी मारतात. मधली गावं सोडतात."

"मंग किनवट सोडलं अन आपल्या उंबऱ्यावर पडल्या?"

देवानंदनं चिडून खिशात मावणारा लहान रेडिओ घेतला आणि बाहेर पडला. तिला खोटं पाडायचं, एवढंच डोक्यात होतं. पण कॅनॉलकडे वळल्यावर टिकटिक वाढली. पुलावर आणखी वाढली. गावातल्या म्हस्कूच्या मक्याच्या बांधावर तर रेडिओ ओरडायलाच लागला.

कुंपणाची विजेची तार गवतात बुडाली होती. गवतावर दव होतं. ओल्या पात्यांमधून बारीक निळी ठिणगी उडायची: चट. त्याच क्षणी रेडिओत टिक. ऊन चढलं की दव वाळणार, ठिणगी थांबणार आणि सरकारी स्टेशन बंद होणार.

"या देवाभाऊ!" म्हस्कूनं हाक मारली. "गाणे ऐकून राह्यले का?"

"झटका मशीन बंद कर, म्हस्कू."

"बंद? अन डुकरं, वानरं काय तुमच्या घरी धाडू?"

"तुझ्या मशीननं माझं डोकं उठवलंय."

"माझ्या? बसवलं कोनं? 'अशी तार ओढून देतो, जिल्ह्यात पाहायला मिळणार न्हाई,' कोन म्हणलं होतं?"

म्हस्कूची बायको कडूबाई विळा टेकवून हसायला लागली. "म्हंजे चीनचा माणूस आपलाच वायरमन निघाला!"

मशीन कायमचं बंद राहणार नव्हतं, म्हणजे गवत जायला हवं होतं. देवानंदनं विळा मागितला.

"बुडातून कापा," कडूबाई म्हणाली. "वरवर खाजवून काय व्हतं?"

दिवसभर तो तारेखालून वाकून फिरला. जिथं तार खांबाला टेकत होती तिथं प्लॅस्टिकच्या पाइपचे तुकडे घातले. हे तेव्हाच घालायला हवे होते. संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं: 'शेतातलं झटका मशीन. मीच बसवलेलं.' पुण्याच्या गृहस्थांनी लगेच विचारलं, 'खात्री आहे? पाणबुडीची शक्यता पूर्ण तपासली का?' त्यानं फोन उपडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे, पट्टा स्वच्छ होता. नुसती मंद खरखर. देवानंद कानाशी हात धरून बसला. बराच वेळ काही नाही. मग लांबून, सावकाश, तातेरावांची हाक आली.

देवानंदचा हात मोर्सच्या बटणावर धावू लागला. टिकटिक, गवत, म्हस्कू, माफी, सगळं त्यानं एका दमात वाजवून टाकलं आणि थांबला.

पलीकडून प्रश्नचिन्ह आलं. परत सांग.

त्यानं परत सांगितलं, त्याच वेगानं. परत प्रश्नचिन्ह.

पट्ट्यावर टिकटिक नव्हती. किनवटला तर कधीच नव्हती. त्याला वाटलं, सेटमध्ये काही बिघाड असेल. त्यानं वायर चाचपली. वायर ठीक होती.

मग त्याला तातेरावांची हाक नीट आठवली. ती मुद्दाम सावकाश दिलेली नव्हती. त्यांच्या हाताला तेवढा वेळ लागतच होता. दोन टिंबांमध्ये हात थबकत होता; देवानंदचा वेग आता त्यांच्या कानाला झेपणारा नव्हता. इतके दिवस तो टिकटिकीवर चिडत राहिला आणि तिच्या आडून हा माणूस कुठवर थकत आला, हे ऐकायचं राहूनच गेलं.

त्यानं मोर्सच्या बटणावरून हात काढला, गवतानं चिरलेला तळवा पुसला. आधीचं सगळं सोडून दिलं. सांगायचं एवढंच ठेवलं: रेडिओ विकू नका.

पहिलं अक्षर पाठवलं आणि थांबला.

पलीकडून एक टिंब आलं. पोचलं.

मग त्यानं दुसरं अक्षर पाठवलं.