मध्यस्थीची पाळी

"बाबा, आज त्यांच्यासाठी प्रार्थना करू नका." सून इस्त्री करता करता म्हणाली. शर्ट सासऱ्यांचा होता आणि इस्त्री कॉलरवर जरा जास्तच वेळ दाबून धरलेली होती.

"मी काय नाव घेतोय? अधिकारावर असलेल्यांसाठी, एवढंच तर म्हणतात."

"तिसऱ्या बाकावर बसलेले असतात ते. कुणासाठी ते शेंबड्या पोरालाही कळतं."

सासऱ्यांना सगळं गाव ड्रायव्हरकाका म्हणे. शहरबस चालवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. समोरून कुणी गाडी दामटली की हे ब्रेक लावणार आणि मागचे प्रवासी यांच्या नावाने बोटं मोडणार. घरातही त्यांचा तोच खाक्या.

त्यांच्या चर्चमध्ये मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे इतरांसाठी देवाकडे मागणं, पाळक करत नसत. मंडळीतला एकेक जण पाळीपाळीने करी. आधी आजाऱ्यांसाठी, मग बाळंतपण जवळ आलेल्या बायकांसाठी, मग कारभार पाहणाऱ्यांसाठी. हातात कागद घ्यायचा नाही, मनातून बोलायचं, असा जुना रिवाज. या रविवारी पाळी ड्रायव्हरकाकांची होती. आणि कारभार पाहणारे नगराध्यक्ष याच मंडळीतले. खर्च परवडत नाही म्हणून गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड त्यांच्याच सहीने बंद झाला होता. सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला लांबच्या दवाखान्यात न्यावं लागलं आणि बाळ वाटेतच गेलं. मुलगा होता.

पाळकसाहेब म्हणाले होते, पाळी बदलून देतो. काकाच नको म्हणाले. वैऱ्यासाठी प्रार्थना करा, हे त्यांनी जन्मभर ऐकलं होतं, पण तेव्हा वैरी असा कुणी नव्हताच. आता मिळाला तर काढता पाय घ्यायचा, हे त्यांना पटेना. राग मात्र जात नव्हता. आठवडाभर बस चालवताना ते त्या एका वाक्याची जुळवाजुळव करत होते. "सद्बुद्धी दे" म्हटलं तर टोमणा होतो. "आशीर्वाद दे" म्हणायला जीभ रेटत नाही.

वेदीपुढे उभे राहिले तेव्हाही डोक्यात तेच घोळत होतं. आजाऱ्यांचं तोंडपाठ होतं, ते झालं. आणि त्याच ओघात, मागच्या पाळीला, सून पोटुशी असताना, म्हटलं होतं अगदी तसंच, ते म्हणाले, "आणि प्रभो, आमच्या घरच्या लेकीला सुखरूप मोकळी कर. तिच्या बाळाला सांभाळ."

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना ते ऐकू आले. बायकांच्या बाकावरून सून उठली आणि मधल्या वाटेने बाहेर निघून गेली. परक्या माणसासाठी आठवडाभर शब्द तोलले आणि घरच्या पोरीच्या जखमेवर पाय दिला. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिच्यामागे जावं असं फार वाटलं. पण आता थांबलो तर पुढचं पुन्हा कधीच बोलता येणार नाही, हेही त्यांना कळत होतं. तिसऱ्या बाकावर नगराध्यक्षांची मान खाली होती.

"आमच्या नगराध्यक्षांसाठी," ते सरळच म्हणाले. "त्यांच्या सहीमुळे आमच्या घरचं बाळ गेलं. तरी प्रभो, त्यांना सांभाळ. आणि तो वॉर्ड उघडायचं बळ दे."

आमेन आलं ते इथून एक, तिथून एक असं.

काका बाहेर आले तेव्हा सून पायरीवर बसली होती.

"चुकलो गं पोरी," काका म्हणाले.

"बाळ म्हणालात तुम्ही." तिने वर पाहिलं नाही. "तेव्हापासून घरात कुणी हा शब्दच काढत नाही. मी आले की सगळे भाजीच्या भावावर बोलायला लागतात. मलाच वाटायला लागलं होतं, की तो कधी नव्हताच."

काका एक पायरी उतरून तिच्याजवळ आले.

"त्यांच्यासाठी केलीत?" तिने विचारलं.

"केली."

"मनापासून?"

"नाही. नुसती तोंडाने. म्हटलं, मन मागनं येईल."

"आलं?"

"अजून तरी नाही."

पायरीवर ठेवलेली पर्स तिने उचलून मांडीवर घेतली. काका शेजारी टेकले. आत शेवटचं गीत सुरू झालं. दोघांपैकी कुणीच ते म्हटलं नाही, आणि उठून घरीही कुणी निघालं नाही.