तोंडातल्या टाचण्या

थोरलीचा जबडा अडकला तो जांभई देताना. कट्ट झालं आणि तोंड पुढे उघडेना. जेमतेम दोन बोटं जातील एवढी फट. शिवणाच्या दुकानात तिच्यासोबत काम करणारी धाकटी बहीण आधी हसली, मग घाबरली आणि तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानांपुढे बोटं टेकवून जबडा हलवायला लावला.

"सांध्याची तक्रार आहे. घाबरू नका, मोठ्या माणसांत ही सर्रास दिसते, बायकांत जरा जास्तच. दात आवळून बसायची सवय असते, मनावर ताण असतो. तुम्हाला कसला ताण?"

"छे! सगळं मजेत आहे," थोरली म्हणाली आणि सांधा कट्टकन वाजला.

"तोंडात काही धरून ठेवता का?"

"टाचण्या," धाकटीनं परस्पर सांगून टाकलं. "दिवसभर! हिच्याशी बोलायचं म्हणजे साळिंदराशी बोलायचं."

झालं, टाचण्या बंद. ओठ मिटलेले, दात सुटे, खाणं मऊ, वर शेक. थोरली मनगटाला टाचण्यांची गादी बांधून कामाला लागली. गिऱ्हाइकांना हकीकत सांगावी, तर मापं द्यायला आलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, माझाही वाजतो. बँकेतला कारकून रोज सकाळी गाल चोळतच उठतो. बसचा ड्रायव्हर गर्दीत दात आवळतो, ते त्याला घरी गेल्यावर कळतं. घरोघरी मातीच्या चुली! दुसऱ्याचं दुखणं ऐकून बरं वाटू नये, पण थोरलीला वाटलं खरं.

तिची पंचाईत निराळीच होती. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नसे, 'हूं' म्हटलं की भागे. त्या एका हूंवर दुकानाला गुलाबी पडदे लागले होते, जे तिला बघवत नसत. आणि गेलं वर्षभर धाकटी विचारत होती, "कपड्यांच्या कारखान्यात नोकरी धरू का मी? चालेल ना तुला?" त्यावरही हूंच. ती गेली तर आपण एकट्या पडू, हे थोरलीला ठाऊक होतं. पण लहान बहिणीचं भलं होत असेल तर आडवं कशाला यायचं, म्हणून बाई मिठाची गुळणी धरून बसली होती.

त्या दुपारी धाकटीनं कात्री खाली ठेवली. "कारखान्यातून फोन आला होता. आजच कळवा म्हणाले. हो सांगू ना?"

थोरलीचा हात सवयीनं ओठांकडे गेला. तिथे काही नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "मला नाही चालणार. दुकानाचं राहू दे गं, मलाच तुझ्याशिवाय करमणार नाही."

धाकटीचे डोळे भरले आणि आवाज चढला.

"वर्षभर विचारतेय मी, ताई! मला नकोच होती ती नोकरी. तू थांब म्हणतेस का, एवढंच बघत होते. आणि तू आपली हूं! मला वाटलं, तुला माझा कंटाळा आलाय."

थोरलीनं बहिणीच्या पाठीवरून नुसता हात फिरवला. धाकटीनं नाक पुसलं, नंबर लावला आणि फोन तिच्याच हातात कोंबला.

"आता तूच सांग त्यांना."

पलीकडून कुणीतरी विचारलं, कोण बोलतंय?

"तिची मोठी बहीण," थोरली म्हणाली. जबडा कानापर्यंत ठणकला, पण ती थांबली नाही. "ती येणार नाही. मला ती इथे हवी आहे."