उजव्या पायाची भरपगारी रजा

मी एक जुनी घसरगाडी आहे, मित्रांनो. पुढे बसायला फळी, मागे धरायला दांडा, खाली पोलादाच्या दोन लांब पट्ट्या. एक पाय पट्टीवर ठेवायचा, दुसऱ्याने बर्फ मागे रेटायचा, की मी निघाले सूंऽऽ!

फिनलंडमधल्या एका तळ्याकाठी आउनेआजीच्या वडिलांनी मला बनवलं. छोटी आउने धाकट्या बहिणीला, हेल्वीला, माझ्या फळीवर बसवून शाळेत न्यायची. पुढे हेल्वी लग्न होऊन तळ्यापलीकडे गेली. मग दर हिवाळ्यात, बर्फ वितळायच्या आधी, आजी गोठलेलं तळं ओलांडून बहिणीकडे कॉफीला जायची.

पण आजीचा उजवा गुडघा कुरकुरू लागला आणि मी कोठारात गेले. दोन बहिणींची कॉफी राहिली. माझ्या पट्ट्यांवर गंज चढला.

यंदा आजीचं ऑपरेशन झालं. गुडघा नवा बसला, पण मांडीतलं बळच गेलं.

"बर्फ काही माझ्यासाठी थांबणार नाही," आजी म्हणाली.

व्यायाम शिकवायला मिर्या यायची. ती म्हणाली, "आजी, रोजचे व्यायाम कराच. शिवाय डोळे मिटून मनात घसरगाडी चालवा. पायाला हुकूम सोडायची मेंदूची सवय मोडता कामा नये."

"खुर्चीत बसून व्यायाम?" तिचे यजमान तौनोआजोबा म्हणाले. "तो तर मी जन्मभर करतोय!"

पण त्यांनीच माझा गंज घासून काढला, मला आजीच्या खुर्चीपुढे आणून ठेवलं. आजी दांडा धरून डोळे मिटायची.

"कुठवर पोचलीस गं?"

"गप्प बस रे. चढ लागलाय."

काही दिवसांनी मिर्याने मांडी दाबून पाहिली. "अजून ढिलीच आहे. मनात कोणत्या पायाने रेटता, आजी?"

आजी खिडकीबाहेर बघू लागली. "डाव्याने. उजव्याची मनातसुद्धा भीती वाटते गं."

आजोबा खो खो हसले. "म्हणजे मनातही त्याला भरपगारी रजा!"

आजीही हसली. आणि त्या दिवसापासून तिने उजव्याला कामावर बोलावलं. आधी मिटल्या डोळ्यांनीच तिचं तोंड वाकडं व्हायचं. हळूहळू तिला माझ्या पट्ट्यांची करकर ऐकू येऊ लागली, गालाला गार वारा लागू लागला. एका दुपारी आजोबा ओरडलेच, "अगं, मांडी आवळली! हात लावून बघ!"

तळं अजून घट्ट होतं तेव्हाच मिर्याने परवानगी दिली. अट एकच, आजोबा सोबत हवेत. बर्फावर आजीने माझा दांडा घट्ट धरला. तिने क्षणभर डोळे मिटले, अगदी खुर्चीत मिटायची तसे. मग एक रेटा आला. हलकाच. पण मी ते पाय लहानपणापासून ओळखते. तो उजवा होता!

मध्ये आजी दमली, फळीवर बसली, आजोबांनी ढकललं. पलीकडून हेल्वी हाका मारत होती, "ताई, कॉफी गार होतेय!"

"थांबव रे," आजी उठत म्हणाली. "तिच्या दारात मी बसून नाही जाणार."

मित्रांनो, तुमच्या घरातही कोपऱ्यात कुणी उभं असेल, कुणी खुर्चीत बसलेलं असेल. त्यांना गंज चढू देऊ नका. जवळ बसा, डोळे मिटायला सांगा आणि हळूच विचारा, "कुठवर पोचलात?"