मॅनेजरच्या सावलीचं झाड

"मामा, हे पिवळं काय आहे बघा ना!"

कडेवरच्या स्वराजला सावरत शर्मिला वाकून बघत होती. जाळीच्या कुंपणात, झाडाच्या बुंध्याशी कुत्रा ओकून पडला होता. ओकारीत चार-पाच पिवळट मणी होते.

कुत्रा सोसायटीचाच, म्हातारा. दिवसभर सावलीत पडून दुसऱ्यांच्या कामावर नजर ठेवतो म्हणून वॉचमननं त्याचं नाव मॅनेजर ठेवलं होतं. चार वर्षांपूर्वी सानपाड्याच्या या सोसायटीनं पंपघरामागचा कोपरा जाळी मारून त्याला दिला, तेव्हा सावलीला झाड कोणतं लावायचं यावर चक्क मीटिंग झाली होती. चाफ्याला चीक असतो, कण्हेर तर विषारीच, असं करत शर्मिलानं नेटवर शोधून कडुनिंब ठरवला. झाड आणलं आणि लावलं ते सगळ्यांच्या या मामांनी, माळी कृष्णातनं. आता ते दुसऱ्या मजल्याला टेकलं होतं.

"निंबोळ्या खाल्ल्या असतील ना यानं?"

कृष्णात उकिडवा बसला. गुडघे कुरकुरले. निंबोळी पिकायला अजून दोन महिने होते. शिवाय निंबोळी लांबट आणि मऊ असते. हे मणी गोल होते, कडक होते.

"व्हय," तो म्हणाला. "लिंबोळ्याच."

झाड आणलं तेव्हा जानेवारी होता. अंगावर एक पान नाही, नुसती काठी. नर्सरीवाला नीम म्हणाला आणि दमलेल्या कृष्णातनं ती तशीच उचलली. पालवी फुटली तेव्हा कळलं. कडुलिंबाच्या काडीला पानं ओळीनं असतात. इथं काडीला काड्या आणि त्यांना पानं. साताऱ्याकडं शेळ्या वळणारं पोरही ओळखेल असा बकाण, कडुलिंबाचा भाऊबंद. दिवाळीला उपटू, असं त्यानं ठरवलं होतं. पण दिवाळीपर्यंत झाड छातीएवढं झालं आणि सेक्रेटरी नंदकिशोर सगळ्यांना सांगत सुटले, "मामांच्या हाताला गुण आहे!" पुढं जांभळी फुलं आली. लोकांनी फोटो काढले. रोज सकाळी तो ठरवून यायचा, आज सांगू. आठ सोसायट्यांना पाणी घालून होईपर्यंत सांगण्याइतकं बळ उरायचं नाही.

मॅनेजरचे मागचे पाय थरथरायला लागले. शर्मिलानं जनावरांच्या डॉक्टरांना, उझमांना, फोन लावून स्पीकरवर टाकला.

"झाड नक्की कोणतं?" डॉक्टर विचारत होत्या. "कडुनिंब असेल तर घाबरू नका, घरीच लक्ष ठेवा. दुसरं काही असेल तर आत्ताच्या आत्ता आणा."

"कडुनिंबच आहे मॅडम. आमच्या मामांनीच लावलंय. मामा, सांगा ना."

तिनं फोन त्याच्यासमोर धरला. मॅनेजरनं मान उचलायचा प्रयत्न केला आणि टाकून दिली.

"त्यो लिंब न्हाई," कृष्णात म्हणाला. "बकाण हाय. फळ इखारी असतं त्याचं."

त्यानं कुत्र्याला पोत्यात गुंडाळून उचललं आणि रिक्षाकडे निघाला. शर्मिला मागून आली.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पैल्या पालवीपासनं."

तिनं स्वराजची मूठ उघडून बघितली. रिकामी होती. तरी दुसरीही उघडून बघितली.

"हा रोज इथं खेळतो, मामा."

कृष्णात पोतं छातीशी धरून रिक्षात बसला.

संध्याकाळी नंदकिशोरनी ऑफिसात बोलावलं. "तीस वर्षं माळीकाम करता आणि नीम ओळखता येत नाही?"

"येतो की वळखता," कृष्णात म्हणाला. "म्हनून तर पालवीलाच कळलं हुतं."

"अहो, म्हणून तर काय! झाड तोडायचं तर महापालिकेची परवानगी काढणं आलं. किती टेन्शन! येत्या पावसाळ्यापासून कामाला आम्ही दुसरा माणूस बघतोय."

"बघा."

मॅनेजर चार दिवस सलाईनवर होता. पाचव्या दिवशी तो अर्ध्या वजनाचा होऊन परत आला, तेव्हा कृष्णातनं जाळी उपटून झाडाभोवती लावली होती, कुणी आत शिरणार नाही अशी. मॅनेजरचा कोपरा आता पलीकडे, भिंतीलगत. तिथं त्यानं ताम्हणाचं रोप लावायला घेतलं होतं, हातभर उंचीचं. रोप आणताना पानं बघितली होती, चुरगळून वास घेतला होता, आणि मग उझमांना फोटो दाखवून विचारलंही होतं.

ऊन कडकडीत होतं. मॅनेजर झाडाकडे गेला, जाळीला नाक लावून उभा राहिला, मग लटपटत फिरून आला. ताम्हणाखाली त्याचा एक कानही झाकला नसता. दोनदा जागा हुंगून तो कृष्णातच्या सावलीत अंग टाकून झोपला.

शर्मिला पाण्याचं भांडं ठेवायला आली. कृष्णातला ती रोज द्यायची तो चहा पाच दिवसांत आला नव्हता, आजही नव्हता. भांडं ठेवून ती जरा थांबली.

"बसा थोडं. कधीचे उभे आहात."

"बसतो," कृष्णात हळू आवाजात म्हणाला. "त्याचा डोळा लागू दे."

सूर्य वर चढत होता, सावली आखडत होती. मॅनेजरचं शेपूट उन्हात आलं. कृष्णातनं मातीचं रिकामं घमेलं उचललं आणि हात लांब करून तिरपं धरलं.