मोठी सॅक आणि तिच्यावर फुकट आलेली

मी सॅक बोलतेय. मोठी, पाठीवर बसणारी, कमरेला पट्टा असलेली. धाकटीचं म्हणणं तुम्ही कधीतरी ऐकालच, तिचं ऐकणारे पुष्कळ आहेत. आज माझं ऐका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका बाईने माझे खांदे शिवले, दुसरीने पाठ शिवली, तिसरीने तळाला दुहेरी टाके घातले. त्या तिसरीने माझ्यावर गुडघा टेकवून दोन हिसके दिले आणि म्हणाली, "ही काही फाटत नाही." एवढं कौतुक माझं पुन्हा कोणी केलं नाही. शेवटी कुणीतरी माझ्या पोटावर एक छोटी सॅक चेनने अडकवली. तीच धाकटी. दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा की मोठी घ्या, छोटी तिच्यावर फुकट. फुकट आली होती ती, हे लक्षात असू द्या.

आम्हाला घेतलं भिंगरीने. पोरगी एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला हेच नाव पडलं. कॉलेज संपताच तिने जाहीर केलं की परदेशात जाणार, एकटी, आणि गावोगाव साध्या बसने फिरणार, कारण त्याहून भारी काही परवडणार नव्हतं. आठवडाभर घरात तिच्याशी कोणी धड बोललं नाही. मग आईने हात टेकले आणि मावशीने सूत्रं हातात घेतली. जायचंच तर नीट जा म्हणत तिने मला पलंगावर आडवं केलं आणि भरायला बसली.

चादरी, गरम पाण्याची पिशवी, स्टीलचं ताट, कपडे वाळत घालायची दोरी, टॉर्च, तो बिघडला तर दुसरा टॉर्च, जाड स्वेटर, त्याहून जाड स्वेटर. भिंगरी दारातून सांगत होती की मावशी, मी घर बदलत नाहीये. मावशीचं उत्तर ठरलेलं: "असू दे, लागतं." माझं पोट फुगलं ते या 'असू दे'ने. वर मावशीने स्वतःची साखळी आणि कुलूप दिलं. प्रवासात सामान नजरेआड होणार असेल तर साखळीने बांधायचं, हे तिचं जन्मभराचं शहाणपण.

धाकटी मात्र भिंगरीने स्वतः भरली. पासपोर्ट, पाण्याची बाटली, बिस्किटं, कानात घालायच्या वायरी, कुलपाची किल्ली. बस्स.

तिथूनच बिनसलं. बस आली की मी खाली डिकीत, धाकटी वर खिडकीत. मी अंधारात, डिझेलच्या वासात, कुणाच्या तरी सायकलचं पॅडल बरगडीत घेऊन. ती भिंगरीच्या मांडीवर. सहा पलंगांच्या स्वस्त खोलीत उतरलो की धाकटी उशीशी आणि मी पलंगाखाली, कुणाच्या तरी ओल्या बुटांशेजारी. जिना चढताना भिंगरी धापा टाकत माझ्यावरच खेकसायची की तुला कुणी सांगितलं होतं एवढं जड व्हायला. तुझ्या मावशीने, दुसरं कोणी? पण मला विचारतंय कोण. सगळ्यात झोंबायचं ते वेगळंच. धाकटीला ती 'माझी बॅग' म्हणायची आणि मला 'सामान'. मला एकदा, फक्त एकदा, तिने 'माझी' म्हणायला हवं होतं.

आणि ती साखळी! फोनवर मावशीशी कितीही भांडली तरी भिंगरीचे हात मावशीचंच ऐकायचे. प्रत्येक बसमध्ये ती रांगत डिकीत शिरायची आणि मला आतल्या लोखंडी दांड्याला बांधून कुलूप लावायची. तिथे असं कोणी करत नाही. ड्रायव्हर तोंडावर हात धरून हसायचे. मला मात्र बरं वाटायचं. धाकटीला कधी कोणी बांधलं होतं का?

मग ते बस बदलायचं गाव आलं. आमची बस पुढे डोंगरापलीकडच्या शेवटच्या डेपोला जाणार होती, आम्हाला तिथे उतरून दुसरी धरायची होती. भिंगरी आधी स्टँडच्या बाथरूमला जाऊन आली, डिकीत शिरली, किल्लीसाठी हात मागे नेला, तर हाताला काहीच लागलं नाही. धाकटी पाठीवर नव्हतीच. बाथरूमच्या दारामागच्या खुंटीला राहिली होती.

खरं सांगते, मला आनंद झाला. राहू दे तिला लटकत, म्हटलं.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. वरून प्रवासी ओरडू लागले. त्याने खुणेने विचारलं की काय करायचं. मी इथे बांधलेली, ती तिथे टांगलेली, आणि बस निघालेली. भिंगरीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जा, असा हात केला आणि धाकटीकडे धावत सुटली. डिकीचं दार माझ्या तोंडावर बंद झालं. पासपोर्ट तिच्यात होता, हे मला कळतं हो. कळून जळायचं थांबत नाही.

शेवटच्या डेपोत ड्रायव्हरने कटरने साखळी तोडली आणि मला सामानाच्या खोलीत एका चष्मेवाल्या बाईच्या ताब्यात दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी आली, धाकटीला पुढे छातीशी घेऊन. मला बघताच तिने मला मिठी मारली. धाकटी मध्ये चेंगरली. किती छान वाटलं म्हणून सांगू!

तिने आधी मावशीला फोन लावला.

"मिळाली ना? साखळी लावलीस म्हणून मिळाली," मावशी म्हणाली.

"मावशी, साखळीमुळेच गेली होती."

"मग आता दोन किल्ल्या कर. एक गळ्यात घाल."

भिंगरी अगदी शांतपणे म्हणाली, "मी पुढे छोटीच नेतेय. मोठी इथे ठेवते, परतताना घेईन."

"अगं, आणि एवढं सामान?"

"ते तुमचं आहे, मावशी. माझं त्यात चार कपड्यांपलीकडे काहीच नाही."

खरंच होतं ते. तिने माझ्यातून बदलायचे कपडे आणि एक स्वेटर काढला, धाकटीत कोंबला, गुडघ्याने दाबून चेन लावली आणि निघाली. दाराशी त्या बाईला खुणा करत मराठीतच सांगत होती, माझी बॅग आहे, सांभाळा. माझी म्हणाली. जाताना.

आता मी इथे फळीवर आहे. शेजारच्या बॅगा येतात, नेल्या जातात. धाकटीचे पट्टे बारीक आहेत, भिंगरीच्या खांद्यांना रुतत असतील. रुतू देत.

तुम्ही कधी निघालात, तर तुमची मोठी सॅक दुसऱ्या कुणाला भरू देऊ नका. स्वतः भरा. जड झाली तरी मग टाकवत नाही.

आणि वाटेत कुठे खिडकीत बसलेली धाकटी दिसली, तर तिला सांगा, मोठी मजेत आहे. खोटं असलं तरी सांगा.