मॅनेजरची मुदत

गावचा फुटबॉल संघ खालच्या विभागात घसरल्यावर मॅनेजरला किती वेळ द्यावा, या प्रश्नाचं उत्तर त्या आठवड्यात दाढी-कटिंगच्या दुकानात आलेल्या प्रत्येक डोक्याकडे होतं. आत मेंदू असो नसो, उत्तर होतंच. बेकरीवाला म्हणे, एक हंगाम द्या, माणूस चुकतो आणि शिकतो. हा स्वतः इतकी वर्षं पाव करपवतोय, अजून शिकतोच आहे. बसचा ड्रायव्हर म्हणे, मैदानातूनच हाकलायला हवा होता. शाळेचे मास्तर म्हणाले, घाई करू नये, आणि हे सांगताना मान अशी काही हलवली की मशीन कानाला लागता लागता राहिलं. खुर्चीत बसून गळ्याभोवती कपडा बांधला की माणसाला अक्कल फुटते, आणि कपडा सोडला की ती केसांबरोबर खाली पडते, असं कात्रीबाईचं मत होतं.

कात्रीबाई म्हणजे दुकानाची मालकीण. वडिलांच्या मागे तिने दुकान हातात घेतलं आणि नीट चालवलं. हे नाव हातातल्या कात्रीवरून पडलं, असं लोक तिच्या तोंडावर सांगत; खरं तर ते जिभेवरून पडलं होतं. ज्या मॅनेजरची ही सगळी चर्चा चाले तो तिचा नवरा. ती ऐकतेय म्हणून लोक आवाज जरा खाली आणत, तेवढीच काय ती लाज. दुकानाच्या वरच्या खोल्यांत ती, नवरा आणि तिचा धाकटा भाऊ राहत. भाऊ त्याच संघाचा गोलरक्षक. उंच आणि किडकिडीत, म्हणून सगळे त्याला खांब म्हणत. दुकान तिचं, वरच्या खोल्याही तिच्याच, दोन्ही वडिलांनी ठेवलेलं. नवऱ्याने लग्नात सोबत आणली होती एक शिट्टी आणि पोतंभर मतं.

आता त्या शेवटच्या सामन्यात काय झालं ते ऐका. बरोबरी झाली असती तरी संघ वाचला असता. आपले आणि शेजारच्या गावच्या संघाचे गुण सारखे झाले असते, आणि गुण सारखे झाले की त्या दोघांनी एकमेकांना कितीदा हरवलं ते बघायचं, असा नवा नियम हंगामाच्या सुरुवातीलाच आला होता. शेजाऱ्यांना आपण दोन्ही वेळा धुतलं होतं. हे चहा विकणाऱ्याला ठाऊक होतं, तिकीट फाडणाऱ्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मॅनेजरला. हा गडी आपला जुन्या नियमाप्रमाणे गोलांची वजाबाकी करत बसलेला, आणि जिंकल्याशिवाय गत्यंतर नाही असं धरून चाललेला.

शेवटच्या मिनिटाला, बरोबरी असतानाच, कॉर्नर मिळाला. मॅनेजर उठला आणि दोन्ही हात हलवून गोलरक्षकाला पुढे बोलावू लागला. कात्रीबाई मॅनेजरच्या बाकाच्या मागच्याच रांगेत बसली होती. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. खांब जागेवर थांबला, त्याने फलकाकडे बोट दाखवलं, हाताने विचारलं, अहो कशाला? मॅनेजरने पुन्हा हात हलवले, वर एक शिवीही हासडली. तेव्हा गेला बिचारा धावत. चेंडू समोरच्यांनी लाथाडला, त्यांचा एक पोरगा तो घेऊन रिकाम्या गोलात फिरायला गेल्यासारखा चालत गेला, आणि संघ खाली गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात मॅनेजरसाहेबांचं म्हणणं छापून आलं. गोलरक्षक स्वतःच्या मनाने जागा सोडून गेला, अशी बेशिस्त आपण खपवून घेणार नाही. कात्रीबाईने ते वाचलं आणि पेपराने आरसे पुसले. नवऱ्याला तिने नको नको ते सुनावलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. खांबाने मात्र बहिणीचेच हात धरले. म्हणाला, ताई, जाऊ दे. भाऊजींची नोकरी गेली तर घर कसं चालेल, मला दुसरीकडे कुणीतरी घेईल. कुणी घेणार नव्हतं. गोल सोडून पळणारा गोलरक्षक, असा शिक्का बसलेल्याला कोण जवळ करतो? हे त्यालाही कळत होतं आणि तिलाही. वडील गेल्यापासून या पोराला तिने लहानाचं मोठं केलं होतं, आणि आज तो तिच्याच संसारासाठी आपलं नाक कापून द्यायला निघाला होता.

सोमवारी सकाळी नवरा खाली दुकानात आला. बूट पॉलिश केलेले, चेहरा पडलेला. क्लबचे अध्यक्ष आज दाढीला येणार होते, ते विचारतील म्हणाला. तुझी साक्ष मोलाची, तू मागेच होतीस. मी खोटं बोल म्हणत नाही, तू फक्त गप्प बस, माझं सगळं आता तुझ्या हातात आहे. असं म्हणून त्याने डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. कात्रीबाईला त्याची कीव आली आणि किळसही आली, आणि कीव आली याचा जास्त राग आला. तिने खण उघडला. वस्तऱ्याला नवीन पातं लावलं.

अध्यक्ष आले ते पोट पुढे आणि माणूस मागे, असे. यांचा रंगाचा कारखाना. फुटबॉलमधलं कळतं ते इतकंच, की चेंडू गोल असतो. एरवी ते तिला "पोरी" म्हणून हाक मारत, वडिलांच्या वेळेपासून. आज एकदम "वहिनी" झाली होती. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने खुर्ची मागे कलती केली, गालांना फेस लावला आणि उजव्या बाजूने सुरुवात केली.

ते छताकडे बघत बराच वेळ क्लबच्या इज्जतीवर बोलले. मग हळूच मुद्द्यावर आले. त्या दिवशी नेमकं काय झालं, हे त्यांना तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

कात्रीबाईचा हात थांबला. खरं बोललं तर नवऱ्याची नोकरी जाणार. गप्प बसलं तर भावाचं आयुष्य. वर खोलीत खांब झोपला होता, त्याचे पाय पलंगाबाहेर आलेले असणार.

"यांनीच बोलावलं त्याला," ती म्हणाली. "दोनदा हात केला. त्याने विचारलं, तरी केला. नियम यांना माहीत नव्हता, पोराला माहीत होता."

अध्यक्ष हसले. फेसातून दात दिसले.

"अहो वहिनी, ते आम्हालाही माहीत आहे. सगळ्या स्टँडने पाहिलं. ठराव कालच झाला. तुमच्या मिस्टरांना दोन वर्षं दिली, पोराला मोकळं केलं. कुणीतरी जायलाच हवं होतं. आणि मॅनेजर काढला तर लोक विचारणार, याला आणला कुणी? मी आणला."

"मग मला कशाला विचारलंत?"

"मिस्टरच म्हणाले, ती गप्प राहील, मी सांभाळतो. म्हटलं बघावं, घर हातात आहे का यांच्या." त्यांनी हनुवटी वर केली. "नाहीये. असू दे. करा पुढे."

काल झाला. म्हणजे नवरा सकाळी डोळ्यांत पाणी आणून उभा होता तेव्हा त्याच्या खिशात दोन वर्षं होती. नोकरी वाचवायला आलाच नव्हता तो. भावाला विकून झालं होतं, आता बहिणीलाही गप्प बसवून त्यात ओढायचं होतं, म्हणजे पुढे कधी बोलायची सोय राहायला नको. आजवर तिला वाटे, आपला नवरा मूर्ख आहे. मूर्खाबरोबर संसार करता येतो, निम्मं जग करतं. हा मूर्ख नव्हता. निदान घरात तरी नव्हता.

तिने वस्तरा पुसला, मिटला आणि खणात ठेवला.

"उरलेली घरी करा," ती म्हणाली.

अध्यक्षांना आधी थट्टा वाटली. मग तिने गळ्याचा कपडा ओढून काढला, दार उघडलं आणि धरून उभी राहिली. एक गाल गुळगुळीत आणि एक फेसाने माखलेला, अशा थाटात क्लबची इज्जत रस्त्यावरून गाडीपर्यंत चालत गेली. बेकरीवाला दारात येऊन बघत होता. त्याचे पाव आत करपत होते, ते त्याने करपू दिले.

ती वर गेली. नवरा खिडकीपाशी उभा, सगळं बघून पांढरा पडलेला. खांब पलंगावर उठून बसला होता. काय बोललीस, काय म्हणाले ते, नवरा तिला पुन्हा पुन्हा विचारू लागला. काळजीचा आव अजून उतरवला नव्हता, इतका पक्का.

"क्लबने तुम्हाला दोन वर्षं दिलीत," ती म्हणाली. "मी संध्याकाळपर्यंत देते."

तेव्हा कुठे तो आव गळून पडला. आधी चिडला, मग समजूत घालू लागला, मग लोक काय म्हणतील यावर आला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी तो खांबाकडे वळला, कारण आजवर त्याचं ऐकणारं घरात तेवढंच एक माणूस होतं.

"अरे, तू तरी सांग तुझ्या ताईला."

खांब उठला. कोपऱ्यातली क्लबची मोठी बॅग त्याने ओढून काढली. आतले हातमोजे, बूट, गोलरक्षकाची हिरवी जर्सी एकेक करून पलंगावर ठेवली आणि रिकामी बॅग नवऱ्यासमोर धरली.

"ही घेऊन जा, भाऊजी," तो म्हणाला. "मला आता लागणार नाही."